वजनं ठेवून पाहिलंस का?

मंगळवार, ४ मार्च

ताई,

मागच्या पत्रातली एक चूक आधी दुरुस्त करते. माझं वजन एकाहत्तर किलो आठशे ग्रॅम झालं असं मी लिहिलं होतं. ते चौऱ्याहत्तर किलो आठशे आहे. तीन किलोंची चूक. आपल्या घरात पन्नास ग्रॅमच्या चुकीवरून ताटं थंड झालेली आहेत, तेव्हा तीन किलोंबद्दल मी जास्त लिहीत नाही.

डॉक्टरांची अट बहात्तरच्या आत अशी होती. म्हणून मी मोठ्या ऐटीत कळवलं होतं की मी पास झाले, आता माझ्या यकृताचा तुकडा आप्पांना देता येईल, तू काळजी करू नकोस. तू काळजी करत होतीस की नाही ते मला माहीत नाही. जानेवारीत त्यांच्या आजाराचं कळवलं, त्यालाही तुझं उत्तर नव्हतं. तुझा रक्तगट त्यांच्याशी जुळत नाही, तेव्हा मी काही मागायला लिहीत नाही एवढं तरी तुझ्या ध्यानात यावं. चुकीचा आकडा तुझ्याकडे पडून आहे या विचाराने मला चैन पडत नाही, म्हणून लिहिते.

काल सकाळी दवाखान्यात नर्सने मला काट्यावर उभं केलं आणि आकडा लिहून घेतला.

मी म्हणाले, "तुमचा काटा चुकतोय."

"चुकतोय? पंधरा दिवसांपूर्वी आलाय."

"नवाच जास्त चुकतो. वीस किलोंचं प्रमाण वजन असेल तर द्या, मी बघून देते. आमचं काटेदुरुस्तीचंच दुकान आहे."

"बाई," ती म्हणाली, "इथे उभं राहणारं प्रत्येक माणूस काट्यालाच शिव्या घालतं. दुरुस्त करून द्यायला मात्र तुम्हीच पहिल्या निघालात." मग तिने मला शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या काट्यावर उभं केलं. तोही तेच बोलला.

डॉक्टरांनी नवी तारीख दिली. सोमवार, एकतीस मार्च. त्या दिवशी बहात्तरच्या आत असले तर पुढच्या तपासण्या. "नाहीतर दुसरा विचार करावा लागेल," ते म्हणाले, "आणि खरं सांगायचं तर दुसरा विचार माझ्याकडे नाही." उपाशी राहून वजन उतरवायचं नाही, रक्तात लगेच कळतं, असंही म्हणाले. यकृतावरची चरबी उतरायला हवी, नुसता आकडा नाही.

आप्पा बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. पायांना सूज आहे म्हणून चपलांचे पट्टे सैल केलेले. डोळे पिवळे. "किती?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "बरं," म्हणाले, "चल घरी." वाटेत बेकरीपाशी थांबले आणि बिस्किटांचा पुडा घेतला. त्यांना स्वतःला बिस्किटं चालत नाहीत.

दवाखान्याच्या काट्याबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. औषधाच्या दुकानात गेले तरी कोपऱ्यातल्या तराजूचा शिक्का वाकून बघणारा माणूस. थकले असतील.

आज दुपारी मीच म्हटलं, आपला घरचा उभा काटा बिघडला असेल. ते म्हणाले, मी बघतो. तासाभराने हात पुसत आले. "बघितला. बरोबर आहे. त्यांचेच दोन्ही चुकत असतील, एकाच गाडीतून आलेले असतात." दुकानाच्या तपासणीच्या पुस्तकात तशी सहीही केली. आता आप्पांच्या सहीपुढे मी काय बोलणार? रिकामा काटा मीही रोज बघते. पट्टी शून्यावर सरळ थांबते. मग तीन किलो गेले कुठे?

संध्याकाळचं खाणं सुटलं, हे मागच्या पत्रातलं दुसरं वाक्य मात्र बरोबर आहे.

तुझी,
छटाक

(हे नाव आता शोभत नाही. पण ठेवलंस तूच.)


रविवार, ९ मार्च

ताई,

दुसरं वाक्यही खरं नव्हतं. मंगळवारचं पत्र लिहीत होते तेव्हा डबा माझ्या मांडीवर होता.

कसं होतं ते सांगते. साडेपाचला दुकान बंद करते. आप्पा आतल्या खोलीत पडलेले असतात. पावणेसहापर्यंत मी बरी असते. खिळे डब्यात, कानशी फळीवर, कामाच्या पाट्यावरचं तेल पुसायचं. मग पुसायला काही उरत नाही. खिडकीतून समोरच्या घराची भिंत दिसते, तिच्यावरचं ऊन कौलापर्यंत चढतं आणि विझतं. त्या वेळी माझ्या छातीत कुणीतरी पायरी उतरल्यासारखं होतं, आणि पायरी नसते.

डबा कपाटात आहे, प्रमाण वजनांच्या पेटीमागे. मीच तिथे लपवलाय. पेटी जड आहे, दोन्ही हातांनी सरकवावी लागते. मला वाटलं होतं, एवढे कष्ट करून कोण खाईल? मी खाते. उभ्यानेच. पहिली दोन बिस्किटं चवीने, पुढची सहा-सात चव न कळता. खारे दाणे असले तर ते. काहीच नसलं तर पावाचा तुकडा साखरेत बुडवून. संपलं की शांत वाटतं, जेमतेम दहा मिनिटं. मग पेटी परत जागेवर.

दिवसभर मी सगळं आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितल्याप्रमाणे खाते, मोजून. पहिले काही आठवडे वजन उतरलंही. चौऱ्याऐंशीवर होते मी, ते तुला कधी लिहिलं नव्हतं. बाईंना मात्र मी संध्याकाळचं सांगितलं आहे. बुधवारी सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "चार वाजता नीट पोटभर खा. म्हणजे सहाला जी हाक येईल ती पोटाची नसेल, दुसऱ्या कुणाची तरी असेल. खायच्या आधी एक शब्द वहीत लिहा, कुणाची आहे तो. मग खायचं असेल तर खा."

पहिल्या दिवशी लिहिलं: भूक. ते खोटं होतं, चारला दोन अंडी आणि पाव खाल्ला होता. दुसऱ्या दिवशी लिहिलं: सवय. काल लिहिलं: आई.

तुला आठवतं का? सहा वाजता आई कामावरून यायची. ती यायची बंद झाली त्या वर्षी मी आठ वर्षांची होते, शाळेतही जात नव्हते. सारखी आजारी असायचे. शाळा नवव्या वर्षी. तोवर जे काही आलं ते तू शिकवलंस. अक्षरं पाटीवर आणि बेरीज वजनांवर. सहाच्या सुमाराला मी दाराकडे बघायला लागले की तू माझ्या हातात बिस्कीट द्यायचीस. "आधी खा, मग रडू." खाऊन झालं की रडायचं राहून जायचं. तुझा दोष आहे असं मी म्हणत नाही. तू सोळा वर्षांची होतीस. तुला त्या वेळी कोण काय देत होतं, हे मी कधी विचारलंच नाही.

आज लिहिलेला शब्द सांगायला मला लाज वाटते, पण लपवलं तर हे पत्रही मंगळवारच्यासारखं होईल. आज लिहिलं: भीती.

डॉक्टरांनी कागदावर पोट काढून दाखवलं आणि पेनाने रेघ ओढली, इथून इथपर्यंत. त्या पेनाचा आवाज मला ऐकू येतो. संमतीच्या कागदावर एक ओळ आहे, दात्याच्या जिवाला धोका असू शकतो अशी. ती मला तोंडपाठ आहे. बहात्तरच्या आत गेले की ती रेघ माझ्या पोटावर येणार. वर राहिले की येणार नाही. आणि मग कोणी मला दोष देणार नाही, बिचारीने प्रयत्न केला म्हणतील.

ताई, मी नापास व्हावं म्हणून तर खात नसेन ना?

हे मी कुणालाच विचारू शकत नाही. आप्पांना तर नाहीच. तू दूर आहेस आणि बोलत नाहीस, म्हणून तुला विचारलं.

छटाक


शनिवार, १५ मार्च

ताई,

तुझं कार्ड गुरुवारी आलं. सात वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. पत्ता आणि एक ओळ. "वजनं ठेवून पाहिलंस का?"

मी ते तीनदा वाचलं. कारण मी पाहिलं नव्हतं.

रोज सकाळी रिकामा काटा बघत होते. शून्यावर आहे ना, झालं. रिकामा काटा खरं बोलतो यात नवल काय, हे तूच मला शिकवलंस. मी सहा वर्षांची असेन. पारड्यात काही नसताना कुणीही प्रामाणिक असतो, ओझं ठेवलं की कळतं, असं आप्पांचं वाक्य तू मला पाटीवर लिहायला लावलं होतंस. आणि वजनांची पेटी मी रोज संध्याकाळी दोन्ही हातांनी सरकवत होते, डब्यासाठी. उघडली नाही. काट्याने वजन जास्त दाखवलं असतं तर मी त्याच मिनिटाला उघडली असती. कमी दाखवत होता, म्हणून मला तपासावंसं वाटलं नाही.

आज सकाळी आप्पा रक्त तपासायला गेले तेव्हा ठेवलं. वीस किलोंचं प्रमाण वजन. काट्याने एकोणीस किलो दोनशे दाखवलं. दुसरं वीसचं ठेवलं. अडतीस चारशे. शंभराला चार, अगदी बिनचूक. गंजाने, धुळीने, पट्टी जिच्यावर झुलते ती धार बोथट होऊन असं होत नाही. ते वेडंवाकडं होतं. हे कुणीतरी मोजून केलेलं होतं.

पट्टीवरचं सरकतं वजन काढलं आणि उलटं केलं. तळाशी भोक पाडून शिसं भरलंय, वरून घासकागदाने एकसारखं केलंय. सरकतं वजन जड झालं की तेवढाच माणूस तोलायला ते पट्टीवर कमी पुढे न्यावं लागतं, आकडा कमी येतो. मागचा स्क्रू फिरवला की रिकामा काटा शून्यावर बसतो आणि बघणाऱ्याला काही कळत नाही. शिशाची कड आतल्या बाजूने अंगठ्याने दाबून गोल केली होती. तशी गोल कड करणारा एकच माणूस मला माहीत आहे. मला बारा वर्षं जमलेली नाही.

मग पुस्तक उघडलं. चार मार्च. "उभा काटा, घरचा. वजनं ठेवून तपासला. बरोबर." खाली आप्पांची सही. हात थरथरतो त्यांचा आता, पण सही पूर्ण आहे, शेवटच्या रेघेसकट.

त्यांना माझ्याकडून काही घ्यायचंच नव्हतं. जानेवारीत डॉक्टरांनी विचारलं तेव्हा "पोरीला कापू देणार नाही" म्हणून दोन दिवस जेवले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी अचानक "बरं, तुझी इच्छा" म्हणाले. मी तेव्हा कौतुकाने बघितलं त्यांच्याकडे. ते काट्याकडे बघत असणार. मी घरच्या आकड्यावर खूश राहीन, दवाखान्यात परत पाठवतील, पुन्हा तेच होईल. डॉक्टरांनी त्यांना दिलेत तीन-चार महिने. तेवढे असेच निघून गेले की संपलं. मला कुणी दोष देणार नाही. हे वाक्य मी मागच्या पत्रातही लिहिलं होतं, वेगळ्या कारणाने.

म्हणजे या घरात दोघं एकच काम करत होतो. ते सकाळी काट्यापाशी आणि मी संध्याकाळी डब्यापाशी.

आता तुझ्याबद्दल. मी त्या विषयावर कधी लिहिलं नाही. कोळसेवाल्याचा काटा, घाईची दुपार, तू वजनं न ठेवता नुसतं शून्य बघून सही केलीस, आणि आठवड्यात निरीक्षकांनी तो पकडला. आप्पा चार माणसांसमोर म्हणाले, "ज्या हाताने वजन न ठेवता सही केली, तो हात या दुकानात नको." तू किल्ली पाट्यावर ठेवलीस. मी आत होते. माझ्या तोंडात घास होता आणि तो गिळेपर्यंत तू गेली होतीस. हे मी तुला सांगितलेलं नाही. घास नसता तर मी काही बोलले असते, असा माझा दावा नाही.

पुस्तकात अजून तीन सह्यांच्या तीन जागा आहेत. दुरुस्त करणारा, तपासणारा, बघणारा. तू गेल्यापासून तिसऱ्या जागी आप्पा रेघ मारतात.

मी सरकतं वजन परत बसवलं, तसंच. आप्पा आले तेव्हा मी कानस चालवत होते. "काय करतेस?" "काही नाही, धार लावतेय." मला त्यांची भीती वाटली, ताई. ते रागावतील म्हणून नाही. मला कळलंय हे त्यांना कळेल म्हणून.

छटाक


शुक्रवार, २१ मार्च

ताई,

खरं वजन आता मी भंगारवाल्याच्या काट्यावर करते. तो मोठा काटा मागच्या महिन्यात मीच वजनं ठेवून पास केला होता. लोखंडी गज आणि जुन्या शेगड्यांमध्ये उभी राहते. भंगारवाला काका पहिल्या दिवशी म्हणाला, "तुम्हाला काय भावाने लावू? तांब्याच्या की पत्र्याच्या?"

"लोखंडाच्या लावा."

"लोखंड पडलंय सध्या. थांबा थोडं, चढेल."

"मला उतरायचंय, काका."

तो हसला. मग माझं तोंड बघून त्याने नुसता आकडा वाचला. आता मी आले की दुसरीकडे बघतो आणि गाणं गुणगुणतो. आज त्र्याहत्तर किलो भरले. एक किलो आणि दहा दिवस.

संध्याकाळचं सांगते. डबा मी कपाटातून काढून शेजारणीकडे दिला. दुसऱ्या दिवशी घरात नवा डबा होता, पाट्यावर, झाकण उघडं. आप्पांनी आणला. चालता येत नाही धड, तरी बेकरीपर्यंत गेले.

मी घरच्या काट्यावर उभी राहिले, त्यांच्यादेखत. सत्तर किलो पाचशे.

"सत्तर," ते म्हणाले. "झालं की. आणखी किती वाळणार? वाऱ्याने उडशील."

"दवाखान्यात जास्त भरतं, आप्पा."

"घरचा काटा खरा. तिथे मी बोलेन डॉक्टरांशी. घे, एक घे. एका बिस्किटाने काय आभाळ कोसळतंय?"

त्यांनी डबा पुढे केला. बिस्किटं आत खुळखुळत होती. घेतलं नसतं तर त्यांना कळलं असतं असं मला वाटलं. घेतलं असतं तर... मी घेतलं. खाल्लं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. असं प्रेमाने कुणी माझ्याकडे बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

त्या दिवशी मग मी सगळा डबा संपवला, मोरीत उभी राहून. वहीत काही लिहिलं नाही. लिहायला पाहिजे होतं, म्हणून इथे लिहिते.

तेव्हापासून चार संध्याकाळी झाल्या. एकदा हरले, तीन वेळा नाही. काय करते ते ऐक, हसू नकोस. पावणेसहाला मी कोपरापर्यंत हात तेलात घालते. जुन्या काट्यांच्या धारा काढून धुवायला घेते, घाणेरडं काळं तेल. अशा हातांनी डबा उघडता येत नाही आणि हात धुवायला दहा मिनिटं लागतात. बाई म्हणतात, ती हाक पंधरा-वीस मिनिटांहून जास्त टिकत नाही, तिला ऐकत बसायचं, उठायचं नाही. मी बसते. छातीतली पायरी येते. मी तिला म्हणते, ये. भिंतीवरचं ऊन कौलावर जातं. आई येत नाही. तू येत नाहीस. पेनाची रेघ ऐकू येते. मग कुठेतरी कुणीतरी नळ सोडतं, आणि सव्वासहा झालेले असतात.

भीती कमी झाली असं नाही. आधी ती बिस्किटाखाली झाकलेली होती, आता उघड्यावर आली आहे. नापास व्हायला मी खात होते का, याचं उत्तरही मिळालं. थोडं होय. शंभराला किती ते मला मोजता येत नाही, आणि मोजता न येणारी गोष्ट मला छळते हे तू जाणतेस.

पण एक फरक पडलाय. आप्पांनी जे केलं ते कळल्यावर मला माझीच चाल बाहेरून दिसली. त्यांच्या हातचं शिसं मला दिसलं, अगदी सुबक. माझं सुबकही नव्हतं.

छटाक


गुरुवार, २७ मार्च

ताई,

दुसरं कार्ड पाठवलं नाहीस. ठीक आहे. पहिलंच अजून पुरतंय. हे पत्र स्पीड पोस्टाने टाकतेय, उद्या मिळावं.

आज बहात्तर किलो तीनशे. भंगारवाला काका गुणगुणायचं थांबला आणि म्हणाला, "लोखंड उतरलं बरं का." सोमवारपर्यंत बहात्तरच्या आत जाईन असं वाटतं. वाटतं म्हणजे खात्री नाही. घरचा काटा एकोणसत्तर चारशे दाखवतोय आणि आप्पा अस्वस्थ आहेत. एवढं उतरेल असं त्यांनी धरलं नव्हतं. काल त्यांना मी काट्यापाशी एकटं उभं पाहिलं, सरकत्या वजनावर हात ठेवून. आणखी शिसं भरावं का, हा विचार असेल. की काढावं, हा. मी दारातून मागे फिरले.

एक सोपा मार्ग आहे, तो मी चार दिवस मनात घोळवतेय. गुपचूप शिसं काढून टाकायचं, स्क्रू परत बसवायचा आणि काही बोलायचं नाही. सोमवारी दवाखान्यात आकडा बरोबर निघाला की त्यांना सगळं कळेल, पण तोंडाने कुणीच काही बोलणार नाही, दोघांची झाकली मूठ. मी ते करायलाही गेले होते. पेचकस हातात होता.

पण सोमवारी डॉक्टर आम्हाला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून विचारणार आहेत. मला, स्वखुशीने देताय का? आणि त्यांना, स्वखुशीने घेताय का? नर्सने आधीच सांगून ठेवलंय. आप्पा तिथे खोटं बोलले तर ते मनाविरुद्ध टेबलावर जातील. खरं बोलले तर जाणारच नाहीत. आणि मी "होय" म्हणेन तेव्हा माझ्या आवाजात डब्याचं झाकण वाजेल. वजनं ठेवल्याशिवाय सही करायची नाही. तुला घराबाहेर जावं लागलं ते याच एका गोष्टीवरून.

तेव्हा सांगावं लागेल. आणि त्याची मला एवढी भीती वाटतेय की कालपासून पेन धरलं तरी अक्षर वाकडं येतंय, बघतेसच.

ते मला काय म्हणतील ही ती भीती नाही. ते स्वतःला काय म्हणतील ही आहे. कोळसेवाल्याच्या काट्यासाठी, घाईत झालेल्या चुकीसाठी, ज्याने पोटच्या पोरीला दुकानाबाहेर काढलं, तो माणूस स्वतःला कुठे काढेल? त्यांनी तर मोजून केलंय, वर सही केलीय. या दुकानात ती शिक्षा एकदाच, तुला, दिलेली आहे आणि तिला अपील नव्हतं. ते औषध सोडतील. भिंतीकडे तोंड करून पडतील. आजार जे तीन महिन्यांत करणार ते लाजेने तीन दिवसांत होईल. मी त्यांना वाचवायला जाऊन माझ्याच हाताने मारलं असं होईल. रोज संध्याकाळी तेलात हात घालून मी याच चित्राकडे बघत बसते, आणि सव्वासहाला ते पुसलं जात नाही.

तरी सांगणार आहे. कसं, ते ठरवलंय. बोलून नाही, बोलले तर मी रडेन आणि ते मला बिस्कीट देतील. वीस किलोंचं वजन काट्यावर ठेवणार. त्यांना म्हणणार, आप्पा, वाचा. ते वाचतील. आकडा खोटा वाचणं त्यांना जमणार नाही, काट्याला खोटं बोलायला लावणं जमलं तरी. मग वहीतला तो शब्द दाखवणार. भीती. मोरीतल्या डब्याचंही सांगणार, शेवटच्या बिस्किटापर्यंत. शिसं तुम्ही एकट्यानेच भरलं नाही, असं म्हणणार. मला कापून घ्यायची भीती वाटते, पण भीती वाटते म्हणजे नको आहे असं नाही. तुम्हाला नको असेल तर तसं तोंडाने सांगा, काट्याकरवी नको. मग शिसं त्यांनीच काढायचं. मी तपासणार. ज्याने दुरुस्त केलं त्याने तपासायचं नाही, हा नियम त्यांचाच आहे.

वेळही ठरवली. संध्याकाळची. चुकीची वेळ आहे असं तू म्हणशील, त्या वेळी मी सगळ्यात कच्ची असते. म्हणूनच ती निवडली. त्या वेळी उभी राहिले तर सोमवारीही उभी राहीन. डबा पाट्यावरच असू दे, झाकण उघडं. चारला मी नीट जेवणार आहे.

पुस्तक उघडून ठेवीन. दुरुस्त करणारा, आप्पा. तपासणारी, मी. तिसऱ्या जागी त्यांनी रेघ मारायच्या आत मी त्यांचं पेन काढून घेणार आहे, एवढंच. ती जागा मी रिकामी ठेवीन. तू यावंस असं मी लिहीत नाही. दुकानाचं पुढचं दार त्या दिवशी साडेपाचला बंद करणार नाही, हे फक्त कळवते, कारण आपली नेहमीची बंद करायची वेळ तुझ्या लक्षात असेल आणि चुकीची माहिती तुझ्याकडे राहायला नको.

परवा, शनिवार, २९ मार्च. संध्याकाळी सहा वाजता.

छटाक